मेड इन यूएसए

कल्याणच्या पुढे राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय असावी लागते : लोकलमध्ये उभं राहण्याची आणि पत्ता सांगितल्यावर समोरच्याने हसण्याची. आम्ही अंबरनाथकर १०६० सालच्या शिवमंदिराच्या आडोशाला उभे राहतो. बदलापूरकर 'इथे म्हणे घोडे बदलत' असं सांगून वेळ मारून नेतात. मधल्या मध्ये उल्हासनगरचं मात्र हसं झालं.

विनोद सगळ्यांना पाठ आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' छापलेलं. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! पुढे पुढे छत्री कुठेही घेतलेली असो, दांडी निखळली की ती उल्हासनगरची. पुण्याच्या आमच्या एका नातलगाने तर स्वतःच्या जावयाचं वर्णन केलं होतं, "मॉडेल अमेरिकन, पण माल उल्हासनगर!"

असली फजिती जर्मनांचीही करू पाहिली होती. इंग्रजी मालाची बतावणी करणाऱ्या परदेशी मालावर खऱ्या देशाचं नाव हवं, असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली केला. 'मेड इन जर्मनी' वाचून गिऱ्हाईक नाक मुरडेल, ही अपेक्षा. गिऱ्हाईकाने माल वापरला आणि तेच लेबल शोधू लागलं!

उल्हासनगरवर मालाच्या आधी शिक्का बसला तो निर्वासितांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी. फाळणीनंतर सिंधमधली सुमारे १ लाख माणसं तिथे आली. कुणाचं दुकान कराचीत राहिलेलं, कुणाचा वाडा हैदराबादेत. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, नदीवरून छान नावही मिळालं. पण लोकांच्या तोंडी 'कॅम्प तीन, कॅम्प चार' तसंच राहिलं. बराकीत मध्ये पडदा टांगून अलीकडे धंदा, पलीकडे संसार. नफा थोडा, खप मोठा, हे त्यांचं गणित. पापड, फर्निचर, पुढे जीन्स. हात पसरण्यापेक्षा लेबल चिकटवणं बरं, असं कुणाला वाटलं असेल तर मला तरी राग येत नाही.

आणि गिऱ्हाईक कोण? हसणारे आपणच! १९९१ पूर्वी परदेशी वस्तूंच्या आयातीवर बंधनं, आणि मध्यमवर्गाला 'फॉरेन'चे डोहाळे. खरेदी उल्हासनगरात करायची आणि येताना पिशवीवरचं दुकानाचं नाव आतल्या बाजूला वळवायचं.

आमच्या आत्याकडे असेच फुलाफुलांचे पडदे आले. त्याच पुणेकर पाहुण्यांनी कापड चिमटीत धरून विचारलं, "फॉरेनचं वाटतं?"

"भाचा पाठवतो हो," आत्या म्हणाली.

तिला भाचा एकच. तो शेजारी बसून पोहे खात होता.