पाहुणे गेल्यावरचा नाथसागर

पैठणचं जायकवाडी पक्षी अभयारण्य पाहायला लोक थंडीत जातात. तेव्हा हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात, रोहित असतात. आम्ही नांदेड-लातूरच्या बाया गेलो मे महिन्यात. शेतातून सवड तेव्हाच मिळते ना!

पाहुणे पक्षी गेलेले, पाणी मागं हटलेलं. पण या जागेचा इतिहास उघडा पडतो तो उन्हाळ्यातच. गोदावरीवरच्या या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. काठची कितीतरी गावं आणि काळीभोर रानं नाथसागरात बुडाली. पाण्यामागं पाखरं आली अन् १९८६ साली अभयारण्य झालं. म्हणजे आधी माणसं उठली, मग पाखरं बसली. फलकावर पाखरांची नावं असतात, उठलेल्या चुलींची कोण लिहितं?

पाणी ओसरलं की उघड्या जमिनीवर गाळपेर होते, गुरं चरतात. त्याच जमिनीवर टिटवी अंडी घालते, बेटांवर नदी सुरय. घरटं कसलं, नुसता खळगा! अंडी खड्यांसारखीच दिसतात. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आपली म्हातारी माणसं सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर गेला होता, आणि आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं.

तुम्ही उन्हाळ्यात गेलात तर पाय जपून टाका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, की तिथूनच मागं फिरा.