‘यावत्तावत्’पासून ‘क्ष’पर्यंत

‘तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज ७२ आहे, तर त्या संख्या कोणत्या?’ हे शाब्दिक उदाहरण फळ्यावर आले की वर्ग चिडीचूप होई. बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येई. घोडे अडे ते ‘क्ष मानू’ या दोन शब्दांपाशी. जी संख्या ठाऊकच नाही, ती मानायची कशी?

आपल्याकडे या कोड्याला दोन वाटा फार पूर्वीच सापडल्या होत्या. पहिली आर्यभटाची. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त तो सांगतो, समान अंतराने वाढणाऱ्या संख्यांची बेरीज म्हणजे मधले मूल्य गुणिले पदांची संख्या. मग ७२ ला ३ ने भागा. मधली संख्या २४. उत्तर २३, २४, २५. इथे क्ष लागलाच नाही!

दुसरी वाट बीजगणिताची. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये न कळलेल्या संख्येला ‘अव्यक्त’ म्हटले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी तिला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, या नावाने वागवले. थोडक्यात ‘या’. सुट्या अंकासाठी ‘रू’, म्हणजे रूप. पहिली संख्या ‘या’ धरली, तर पुढच्या दोन एकेकाने मोठ्या. एका बाजूला ‘या ३ रू ३’, दुसऱ्या बाजूला ‘रू ७२’. म्हणून या = २३. आजचे ‘एकचल समीकरण’ त्यांच्याकडे ‘एकवर्ण समीकरण’ होते.

आता प्रश्न थोडा बदलू. चार क्रमागत पूर्णांकांची बेरीज ४८ असेल तर? समीकरण साडेदहा हे उत्तर देते. अनेक मुले ते लिहून मोकळी होतात. पण अट पूर्णांकांची आहे. म्हणजे अशा संख्याच नाहीत. चूक आकडेमोडीत नसते, वाचण्यात असते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. गणित शिकवावे लागते, हे तेव्हाही ठाऊक होते. घरातले मूल ‘क्ष’पाशी अडले, तर त्याला आधी उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा आणि मग म्हणा, ‘जितके असेल तितके धर, आणि पुढे चल.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)