संसारी माणसाचे ध्यान

ध्यान हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गुहा, जटा आणि मृगाजिन उभे राहते. पेरणी तोंडावर आली आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे, घरात आई अंथरुणाला खिळली आहे, अशा गृहस्थाला कोणी डोळे मिटून बस म्हणून सांगितले तर तो हसेल. आणि त्याच्या हसण्याला इतिहासाचा आधार आहे. ध्यानसाधना आपल्याकडे फार जुनी खरी. परंतु रोजच्या काळजीचा भार हलका व्हावा एवढ्याचसाठी, संसार न सोडता, ती कोणीही करावी, हा विचार मात्र बराच अर्वाचीन आहे.

कार्ल्याभाज्याच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या खोल्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. खोली भिक्षूची, पण कार्ल्याच्या खांबांवरील लेखांत नावे आहेत ती दाते मंडळींची, आणि त्यांत संसारी माणसेही आहेत. एकाने दान द्यावे आणि दुसऱ्याने ध्यान करावे, अशी ही वाटणी होती. ती वाटणी मोडली संतांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका पाहा. चाक सोडून ते कोठे अरण्यात गेले नाहीत. माती तुडवता तुडवता नामस्मरण चालले होते. त्याच तंद्रीत पोटचे मूल पायाखाली आले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनकार ती भक्तीचा महिमा म्हणून सांगतात. मला तिच्यात एक इशाराही दिसतो: संसारी माणसाला सारे भान हरपून चालत नाही, त्याला भान ठेवणारे ध्यान हवे.

पुढचे मोठे पाऊल पडले ते लोणावळ्यास. अमळनेरला शिक्षणकार्य करणारे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन केले. त्याआधीच बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी यौगिक क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी करून पाहिली होती. योग्याच्या पोटात नेमके काय घडते हे यंत्राला विचारावे, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट. १९५७ साली वेंगर व बागची हे अमेरिकेतले संशोधक उपकरणे घेऊन हिंदुस्थानात आले. हृदय बंद पाडून दाखवतो म्हणणाऱ्यांची त्यांनी परीक्षा घेतली. नाडी हाताला लागेनाशी झाली, पण यंत्रावर हृदयाचे ठोके उमटतच राहिले! चमत्कार उणावला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. चमत्कार बाजूला झाल्यावाचून ही विद्या सामान्य माणसाच्या ओसरीवर येणार कशी?

आता एका डोकेदुखीची कथा. ब्रह्मदेशात व्यापार करणाऱ्या मारवाडी कुटुंबातले सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने इतके हैराण झाले होते, की वेदना थांबवण्यासाठी मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. परदेशचे नामांकित डॉक्टर झाले, गुण नाही. १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ भिक्षू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, आणि कचेरी सांभाळून विपश्यना शिकवीत. त्यांनी काय करावे? डोकेदुखीसाठी आला असाल तर प्रवेश नाही, असे साफ सांगितले. ही साधना मनाच्या शुद्धीसाठी आहे. दुखणे गेलेच तर ते तिच्या ओघात जाईल. गोयंका काही महिने घुटमळले, मग बसले. अर्धशिशी गेली. १९६९ साली ते भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरे सुरू झाली. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच वेळी बसले होते.

ऊ बा खिन यांचा नकार आदरणीय आहे, तरीही मला तो पुरा पटत नाही. तहानलेल्याला नदीचे उगमस्थान माहीत असलेच पाहिजे काय? अमेरिकेत डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली पुस्तक लिहून मंत्र, पंथ बाजूला ठेवले आणि शरीर शिथिल होण्याची क्रिया तेवढी घेतली. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात दीर्घ दुखण्याच्या रोग्यांना ध्यान शिकवण्यास आरंभ केला. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसे एकत्र धरून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष संयमी आहे: चिंता, उदासी आणि वेदना यांत अल्प ते मध्यम प्रतीचा उतार पडतो. औषध, व्यायाम आदी अन्य उपायांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचे मात्र आढळले नाही.

कृती तर अगदी साधी. पाठ ताठ ठेवून बसावे, नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. तो लांबवू नये, रोखू नये. मन पळेल. पळाले हे ध्यानात आले की न रागावता परत आणावे. अणदूरकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. आपला खंडोबा काही काळ नळदुर्गाजवळ मैलारपुरास जातो आणि ठरल्याप्रमाणे परत येतो. देवळे दोन, मूर्ती एक. तो गेला म्हणून गाव रागावत नाही, परतण्याची तयारी करते. मनाशी असेच वागावे. दहा मिनिटे पुरतात, आणि शाळकरी पोरांनाही ते जमते. राज्यातल्या शाळांतून आनापानाचे पाठ झालेलेच आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. श्वास पाहिल्याने पाऊस पडत नाही, सावकार थांबत नाही. मराठवाड्यात शेतकऱ्याच्या घरी जे घडते त्याला मनाची दुर्बलता म्हणणे हा अन्याय आहे. भाव, पाणी आणि कर्ज यांचे प्रश्न त्या त्या ठिकाणीच सोडवावे लागतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे जी घरे कोसळली, त्यांतून वाचलेल्या माणसाला डोळे मिटताच दगड कोसळताना दिसत असतील, तर त्याला ध्यानाला बसवू नये. आधी डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नको वाटू लागले तर एका दिवसाचाही उशीर करू नये. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते.