जिवंत मत्स्यखाद्याचे समृद्धीकरण

जिवंत मत्स्यखाद्याचे समृद्धीकरण म्हणजे माशांच्या पिल्लांना खाऊ घालावयाच्या सूक्ष्म जलचर प्राण्यांना आधी पोषक आहार देऊन त्यांचे पोषणमूल्य वाढविण्याची प्रक्रिया होय. रोटिफर, मोइना, डॅफ्निया आणि आर्टेमिया हे या कामी वापरले जाणारे प्रमुख प्राणिप्लवक आहेत. गोड्या पाण्यातील मत्स्यबीजाच्या संगोपनात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणारी पिल्लांची मरतूक कमी करणे, हा तिचा मुख्य उद्देश असतो. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागातील प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांत नैसर्गिक खाद्य सहज निर्माण होत नसल्याने तेथे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

१० जुलै १९५७ रोजी हीरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे प्रमुख भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे नदीतून बीज गोळा करण्यावरील अवलंबित्व कमी झाले. मात्र जन्मलेली पिल्ले जगविण्याचा प्रश्न पुढे आला.

कटला, रोहू व मृगळ यांची अंडी सुमारे १४ ते १८ तासांत उबतात. नवजात पिल्लाचे पोषण पोटाशी असलेल्या पीतकावर होते आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हा साठा संपतो. या अवस्थेतील पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात. त्यांचे तोंड अतिशय लहान व पचनसंस्था अपक्व असते. जिवंत खाद्य पाण्यात हालचाल करीत असल्याने पिल्लांच्या नजरेस पडते, तळाशी साचत नाही आणि कोरड्या खाद्याप्रमाणे पाणी लवकर बिघडवत नाही.

जिवंत खाद्याचे प्रकार

रोटिफर: आकार साधारणतः ०.१ ते ०.३ मिलिमीटर. सर्वांत लहान पिल्लांचे पहिले खाद्य.

मोइना: डॅफ्नियाहून लहान. अनुकूल परिस्थितीत मादी नराविना, म्हणजे अनिषेकजननाने, झपाट्याने प्रजा वाढवते. प्रतिकूल काळात टिकाऊ अंडी घालते. ती तळाच्या चिखलात सुप्त राहतात.

आर्टेमिया: खाऱ्या पाण्यातील प्राणी. कोरड्या स्थितीत साठविलेल्या सुप्त अंड्यांतून खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तासांत पिल्ले बाहेर पडतात. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात; म्हणून थोडी थोडी, अनेक वेळा द्यावी लागतात.

पोषणमूल्य व त्यातील उणिवा

प्राणिप्लवकांचे पोषणमूल्य स्थिर नसते. त्यांनी जे खाल्ले असेल त्यावर ते अवलंबून असते. १९६०च्या दशकापासून जपानमध्ये समुद्री माशांच्या संगोपनासाठी रोटिफर वापरले जाऊ लागले. केवळ यीस्टवर वाढविलेल्या रोटिफरांत लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले अपुरी असतात व त्यामुळे पिल्ले दगावतात, असे तेथील पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

गोड्या पाण्यातील कार्प माशांची स्थिती निराळी आहे. ते लिनोलेनिक अम्लापासून ही मेदाम्ले काही प्रमाणात स्वतः बनवू शकतात. त्यामुळे समुद्री माशांसाठीची महागडी मिश्रणे येथे सरसकट आवश्यक नसतात. मरळीसारख्या मांसाहारी माशाच्या पिल्लांना मात्र जिवंत खाद्याची गरज अधिक असते. ते कमी पडल्यास पिल्ले एकमेकांना खातात. 'क' जीवनसत्त्वाची कमतरता कार्प व मरळ या दोहोंनाही बाधते. तीमुळे पाठीच्या कण्यात वाकडेपणा येऊ शकतो.

समृद्धीकरणाच्या पद्धती

१. हिरवे पाणी: क्लोरेलासारख्या सूक्ष्म शैवालाने हिरव्या झालेल्या पाण्यात मोइना किंवा रोटिफर वाढविणे. ही सर्वांत स्वस्त व सुरक्षित पद्धत होय. पाव बनविण्याचे यीस्ट एकट्याने न देता शैवालासोबत दिल्यास परिणाम चांगला मिळतो.

२. तेलमिश्रण: माशाचे तेल, अंड्याचा बलक व पाणी घुसळून तयार केलेले दुधाळ मिश्रण प्राणिप्लवकांना काही तास देणे. मिश्रण जास्त झाल्यास पाण्यावर तवंग येतो व प्राणवायू घटतो. म्हणून हवा पुरविणे आवश्यक असते.

३. आर्टेमियाचे समृद्धीकरण: नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांचे तोंड उघडलेले नसते. सुमारे आठ तासांनी पहिली कात टाकल्यानंतरच ती खाऊ लागतात; त्यापूर्वी दिलेले मिश्रण वाया जाते.

समृद्ध केलेले खाद्य गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच वापरतात. प्राणिप्लवक उपाशी राहिल्यास साठविलेली पोषकद्रव्ये स्वतःच वापरून टाकतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थिती

या जिल्ह्यांच्या पश्चिमेस कोयना, धोम, कण्हेर व चांदोली ही मोठी धरणे आहेत. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. तेथे डाळिंब व द्राक्ष बागांसाठी शेततळी खोदली गेली असून, राज्य शासनाच्या २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेने त्यांस चालना मिळाली.

मातीच्या संगोपन तळ्यात चिखलातील सुप्त अंडी आणि मातीतील पोषकद्रव्ये यांमुळे प्लवक आपोआप वाढतात. अस्तराच्या तळ्यात पाण्याचा मातीशी संबंध येत नाही. पाणी नितळ दिसते, पण त्यात पिल्लांना खाण्यासारखे फारसे काही नसते. अशा तळ्यात मत्स्यजिरे थेट सोडण्याऐवजी ती लहान टाकीत वाढवून बोटुकलीच्या आकाराची झाल्यावर सोडणे हितावह ठरते. टाकीतील पाण्यास शेंगदाणा पेंड व शेण देऊन, शैवाल वाढल्यावर मोइनाचे विरजण लावतात.

मातीच्या संगोपन तळ्यांसाठी दर हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो शेण व ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट अशी मात्रा शिफारशीत आढळते. तिचा निम्मा भाग बीज सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस व उरलेला नंतर हप्त्याने देतात. ५० लिटर पाणी गाळल्यावर १ ते २ मिलिलिटर प्लवक मिळाल्यास खाद्य पुरेसे मानतात.

मर्यादा व दक्षता

जुन्या तळ्यातून आणलेल्या विरजणासोबत जलकीटक, परजीवी व सायक्लॉप्स येऊ शकतात. मोठे सायक्लॉप्स नवजात पिल्लांवर हल्ला करतात. त्यामुळे विरजण बारीक जाळीतून गाळून घेणे आवश्यक असते. पेंड अधिक झाल्यास अमोनिया वाढतो. समृद्धीकरण हे प्राणवायू, तापमान आणि विरळ संख्या यांना पर्याय नाही. या गोष्टी सांभाळल्या तरच त्याचा लाभ दिसून येतो.

हेही पहा

मत्स्यशेती
प्लवक
शेततळे
कोयना धरण