पदवी नसलेल्या माणसाच्या नावाचं कॉलेज

गेल्या रविवारी सोलापूरहून ताईचा फोन. आवाजावरूनच कळलं, भाच्याचा बारावीचा निकाल लागलाय. "हुशार आहे रे तो, पण मार्क बघ की!" मागून दाजींचा आवाज, "मार्क नाहीत म्हणजे हुशार नाही. आता वालचंदला कसली अ‍ॅडमिशन मिळतेय!" भाचा फोनवर आलाच नाही.

फोन ठेवल्यावर एक गंमत लक्षात आली. सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ चं. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झालं आणि पुढे त्यालाही वालचंदांचंच नाव मिळालं. आणि ते वालचंद हिराचंद दोशी स्वतः साधे पदवीधरही नव्हते!

वालचंदांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचाच. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. शिकायला मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या धंद्यात आले. त्यातही मन रमेना. तेव्हा लक्ष्मणराव फाटक या, रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदार झालेल्या गृहस्थांबरोबर त्यांनी भागी केली. पहिलं मोठं काम बार्शी लाइट रेल्वेचं. मग १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडची 'लॉयल्टी' ही बोट घेऊन नरोत्तम मोरारजी वगैरेंच्या साथीने सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिलला ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. आजही हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमानाचा कारखाना तर १९३९ साली प्रवासात भेटलेल्या एका अमेरिकन उद्योजकाशी झालेल्या गप्पांतून निघाला. समोरच्या माणसाकडून आपल्याला काय घेता येईल, हे ओळखण्याचा पेपर कुठल्या विद्यापीठात असतो?

तर मंडळी, मार्कांना काही अर्थ नाही असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला तसं वाटत नाही. एक तर वालचंदांच्या मागे सोलापुरातलं भरभक्कम घर होतं. कॉलेज सुटलं तरी पेढी होती. ज्याच्या घरी पेढी नाही त्याला प्रमाणपत्र हाच आधार. दुसरं म्हणजे त्यांच्या जहाजांना आणि विमानांना शिकलेले इंजिनिअर लागलेच. त्यांच्याशिवाय नुसत्या धडाडीवर बोट तरंगली नसती.

आणि सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस बघा. जन्म १९१० चा, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. म्हणजे परीक्षा पास होणारे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शस्त्रक्रिया करणारा हात अभ्यासाने तयार झाला होता. पण जायचं हे ठरवणारं जे काही होतं, ते मार्कशीटवर कुठे दिसणार?

बुद्धी मोजायच्या चाचणीचं मूळही असंच आहे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमोन या सहकाऱ्याबरोबर ती तयार केली ती कोण हुशार हे ठरवायला नव्हे, तर शाळेत कुणाला जास्त मदतीची गरज आहे हे ओळखायला. बुद्धी म्हणजे जन्मभराचा ठरलेला आकडा, हे बिनेंना मान्य नव्हतं. पुढे इतरांनी त्या आकड्याचा शिक्का केला.

म्हणजे परीक्षा एक गोष्ट खरीच मोजते. ठरलेल्या वेळेत, ठरलेला विषय, ठरलेल्या पद्धतीने मांडता येतो का, ही. तीही बुद्धीचाच एक भाग आहे, आणि कष्टाने वाढते. पण तो भाग म्हणजे सगळी बुद्धी नव्हे. माझे स्वतःचे मार्क नेहमी चांगले असायचे. त्या जोरावर मी किती मूर्खपणा केलाय, ते ताईला चांगलं ठाऊक आहे!

असो. दाजी हे वाचतीलच. दाजी, रागावू नका, पण पोराला "हुशार नाही" म्हणू नका. गणितात कमी पडला म्हणा, अभ्यास कमी केला म्हणा. ते सुधारता येतं. मी पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हा त्याच्याशी बोलीन. येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र बांधून द्या.