न दिसणारा मणी

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा नुकतीच बाळसे धरत होती, तेव्हाची गोष्ट. कार्ल सीशोर हा तरुण संशोधक एक छोटा निळा मणी टांगून ठेवी. समोरच्या माणसाने लांबून हळूहळू पुढे यायचे आणि मणी दिसू लागला की थांबायचे. असे बऱ्याचदा झाले, की सीशोर मणी गुपचूप काढून घेई. तरीही अनेकांना तो ठरल्या जागी दिसे. तारेतून वीज सोडल्यावर बोटांना ऊब लागते याची सवय झालेल्यांना वीज बंद असतानाही ऊब जाणवे. ही माणसे धडधाकट होती. कुणी नशेत नव्हते, कुणी तापाने फणफणलेले नव्हते. हे प्रयोग १८९५ साली छापून आले. मेंदू जगाची नुसती नोंद घेत नाही, तो आधी अंदाज बांधतो आणि अंदाज वरचढ झाला की भास होतो, हे मत आज भासांच्या संशोधनातली नवी दिशा म्हणून मांडले जाते. माझ्या मते ही दिशा नवी नाही. शंभर वर्षे ओस पडलेली वाट पुन्हा वापरात आली आहे, आणि ती ओस पडली याला प्रयोगांचे अपयश कारणीभूत नव्हते.

भासाला वैद्यकाच्या ताब्यात देण्याचे काम त्याआधीच फ्रान्समध्ये झाले होते. पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळांत आयुष्य घालवलेल्या एस्किरोल या डॉक्टरने बाहेर वस्तूच नसताना होणारा भास आणि असलेल्या वस्तूबद्दल होणारी चूक यांत रेघ ओढली. रेघ उपयोगी होती, पण तिच्यामुळे भास हे रुग्णाचे लक्षण ठरून गेले. इंग्लंडमध्ये १८९४ साली सतरा हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्ण जागेपणी, बाहेर कारण नसताना काही दिसले, ऐकू आले किंवा स्पर्श झाला का, असा प्रश्न होता. दहातल्या जवळजवळ एकाने हो म्हटले. एवढा मोठा पुरावा वाया गेला, कारण पाहणी करणाऱ्या संस्थेला त्यातून मृतात्मे आणि दूरसंवेदन यांचा माग काढायचा होता. भुतांच्या मागे लागलेल्यांचे आकडे कोण गंभीरपणे घेणार? पुढे १९१३ साली मानसशास्त्रज्ञ वॉटसनने मानसशास्त्राने फक्त वर्तन मोजावे असा आग्रह धरला, आणि ‘तुला काय दिसले’ हा प्रश्नच प्रयोगशाळेत मागे पडला. १९४१ साली एलसन या संशोधकाने प्रकाशाच्या जोडीने मंद सूर ऐकवून, मग सूर गाळून, सीशोरसारखाच परिणाम दाखवला. फारसे कुणी वळून पाहिले नाही. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचे औषध आले, रुग्णांना ऐकू येणारे आवाज शांत होऊ लागले, आणि पुढे सगळे लक्ष मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर खिळले. औषध लागू पडते आहे म्हटल्यावर मेंदूने काय अपेक्षिले होते हे विचारायची निकड कुणाला वाटणार?

ही निकड पुन्हा वाटली ती येलमध्येच. २०१७ साली पॉवर्स, मॅथिस आणि कॉर्लेट या संशोधकांनी जुन्याच युक्तीला आधुनिक गणिताची जोड दिली. पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी आणि त्यांच्यासोबत गोंगाटात बुडालेला बारीक सूर, अशी सवय लावून नंतर अधूनमधून सूर वगळायचा. आवाज ऐकू येणाऱ्या लोकांना, मग ते मनोरुग्ण असोत वा स्वतःला अतींद्रिय शक्ती आहे असे मानणारे निरोगी असोत, हा नसलेला सूर इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा ऐकू आला. मात्र सूर आता बहुतेक वेळा वाजतच नाही, हे ध्यानात घेऊन अंदाज बदलायला मनोरुग्ण मागे पडले. मला या प्रयोगातले हेच निरीक्षण सर्वांत मोलाचे वाटते, कारण एस्किरोलची रेघ इथे सरकते: आजार भास होण्यापेक्षा तो दुरुस्त न होण्यात अधिक दिसतो.

यावर रास्त आक्षेप आहे, की माणसे प्रयोगकर्त्याचे मन राखायला ‘हो’ म्हणत असतील. सीशोरकडे याला उत्तर नव्हते. आज आहे. सूर नसतानाही ‘ऐकला’ म्हणणाऱ्यांच्या मेंदूत, खरा सूर ऐकताना जागे होणारे भागच सक्रिय झाल्याचे दिसले. त्याहून भक्कम पुरावा २०२१ साली उंदरांनी दिला. सूर ऐकल्याची खूण केल्यावर उंदीर बक्षिसाची किती वेळ वाट पाहतो, यावरून त्याची खात्री मोजता येते. नसलेल्या सुरासाठी उंदीर खात्रीने थांबून राहत, आणि त्याआधी मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन वाढलेले असे; डोपामिन मुद्दाम वाढवल्याने वाढलेले असे भास हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाने कमी झाले. उंदराला कुणाचे मन राखायचे नसते. शिवाय डोपामिनची जुनी उपपत्ती यामुळे मोडीत निघत नाही, तिला अंदाजाच्या यंत्रणेत जागा मिळते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: बारीक सूर म्हणजे नाव घेऊन शिव्या देणारा आवाज नव्हे. हे मान्य करावे लागते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमान यांनी सहकाऱ्यांसह चेन्नई, घानामधले आक्रा आणि कॅलिफोर्नियातले सॅन मटेओ इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून दाखवले, की सॅन मटेओत आवाज बहुधा हिंसक असतात, आक्रात अनेकांना देव बोलताना ऐकू येतो, तर चेन्नईत नातेवाईक घरकामे सांगतात, रागावतातही. वीस-वीस माणसांवरून फार ताणू नये, पण मेंदू अंदाज बांधतो म्हणायचे, तर त्या अंदाजाचे साहित्य घरातून, भाषेतून, देवधर्मातून येणार हे ओघाने आलेच. ते साहित्य स्कॅनरमध्ये दिसत नाही. त्यासाठी, वॉटसनने हद्दपार केलेला तोच प्रश्न माणसाला समोर बसवून विचारावा लागतो.