पाठ कोण बघतं आणि कधी



वेरूळ-अजिंठ्याला आपल्यापैकी बहुतेकजणी एकदा तरी जाऊन आल्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे. या उभं राहण्याला त्रिभंग म्हणतात. आता भागवतातली मथुरेची कुब्जा आठवा. तिचं दुसरं नाव त्रिवक्रा, म्हणजे तीन ठिकाणी वाकडी. दोघांनाही बाक तीनच. एकाचं सौंदर्य झालं, दुसरीला ते नाव म्हणून चिकटलं. पद्मपाणी सरळ उभा राहिला तर त्याचा बाक जाईल, पण कणाच बाजूला वाकून पिळवटला असेल तर तो तसा जात नाही. डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात.

कृष्णाने कुब्जेच्या पावलांवर पाय ठेवून, हनुवटीला दोन बोटं लावून तिला वर ओढलं, अशी कथा आहे. ताणून सरळ करायची ही कल्पना ग्रीसमध्येही होती. सुमारे 2400 वर्षांपूर्वी तिथे रोग्याला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून आदळत. हिपोक्रेटिस या वैद्याच्या नावावरच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की याने कुणी सरळ झालेलं पाहिलं नाही, गर्दी जमवायला वैद्य हे करतात. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात, ते आठवलं. मुलीच्या वाकड्या कण्यावर असले प्रयोग नकोत.

कणा बघायची सोपी रीत लंडनच्या विल्यम ॲडम्स या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं पुस्तक 1865 सालचं. मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगायचं आणि मागून पाठ बघायची. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर शंका घ्यायची. याला एक रुपया लागत नाही.

पुढे पोलिओच्या साथी आल्या. एका बाजूचे स्नायू लुळे पडले की दुसरी बाजू कण्याला ओढते. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या डॉक्टर नव्हत्या. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. किणींकडे गेल्या, आणि 1947 साली मुंबईत अशा मुलांसाठी त्यांनी दवाखाना सुरू केला. अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉ. हॅरिंग्टन पोलिओच्याच मुलांचे कणे बघत होते. त्यांनी पोलादी दांडी आणि आकडे बसवून कणा आतून धरून ठेवायची शस्त्रक्रिया काढली. आज त्या जागी स्क्रू आणि सळ्या असतात.

भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 सालचा. पोलिओ गेला, पण वाकडे कणे राहिले. बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही. दप्तरामुळे नाही, झोपण्याच्या सवयीने नाही. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून तर मुळीच नाही. आईला उगाच बोल लावू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं ते डॉ. मिन मेहता यांचं. आडनाव आपल्या ओळखीचं, काम इंग्लंडमधल्या स्टॅनमोरच्या अस्थिरोग रुग्णालयात. अगदी लहान बाळांचा कणा वाकत असेल तर त्यांना त्या भूल देऊन प्लास्टरचं जाकीट घालत, आणि बाळ वाढेल तसं ते बदलत. वाढणारं शरीरच कणा सरळ करील, हा त्यांचा विचार. 2005 साली त्यांनी 136 मुलांचा हिशेब छापला. 94 मुलं लवकर आली होती, सरासरी 19 महिन्यांची. त्यांचा बाक गेला. 42 उशिरा आली, सरासरी 30 महिन्यांची. त्यांचा बाक कमी झाला, गेला नाही. डॉक्टर त्याच, प्लास्टर तेच. मधे अकरा महिने.

मोठ्या मुलींचंही असंच. दहा ते पंधरा वर्षांत उंची झपाट्याने वाढते, बाकही तेव्हाच वाढतो. मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त आढळतो, आणि नेमकी त्याच वयात मुलगी आईसमोरही कपडे बदलत नाही. मग आधी कळतं ते शिवणाऱ्या बाईला. ती म्हणते, हिचा एक खांदा उतरतो, फ्रॉकचा घेर एका बाजूला वर जातो. तिचं ऐका.

एक्स-रेवर कोन मोजतात. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. दहा ते पंचवीसपर्यंत बहुधा काही महिन्यांनी परत बघतात. त्यापुढे, मुलगी वाढत असेल तर, पट्टा देतात. 2013 साली अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात पट्टा दिलेल्या शंभरातल्या 72 मुलांचा बाक शस्त्रक्रियेपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48. जास्त तास घातला त्यांना जास्त गुण आला. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका, आणि पाठ बघायला सांगा. शंका आली तर घाटीत अस्थिव्यंगोपचार विभागात न्या. पाय लुळे वाटत असतील किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल तर थांबूच नका. तिथे कोन किती हे विचाराल, तसं हिची वाढ किती उरलीय हेही विचारा.